छत्तीसचा आकडा

नाशिक,
रविवार, 18 जानेवारी 2026

प्रिय मने,

सात महिने फोन नाही, पत्र नाही, आणि आता एकदम एवढी पानं. काहीतरी झालंय हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. आधी जुनी उधारी चुकती करते: तू बरोबर होतीस, मी चूक होते. वर तारीख घातली आहे, खाली सही असेल. फ्रेम करून लाव.

कशाबद्दल? एसजीपीटीबद्दल, लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या त्या एन्झाइमबद्दल. मिलानच्या रक्तदात्यांवरच्या त्या 2002 च्या अभ्यासाची झेरॉक्स तू माझ्या टेबलावर आपटली होतीस. पुरुषांची वरची मर्यादा 30, बायकांची 19, रिपोर्टवर दोन्ही वेगळ्या छापा म्हणून डोकं खाल्लं होतंस. आणि मी किटमधला कागद नाचवत म्हणत होते की कंपनीने सरसकट 45 लिहिलंय, मी कोण टिकोजीराव बदलणारी? आठवडाभर आपला छत्तीसचा आकडा होता. आक्काने शेवटी एकाच ताटात दोघींना वाढलं तेव्हा कुठे मिटलं.

तर परवा त्याच आक्काचा रिपोर्ट माझ्या सहीला आला. एसजीपीटी किती? 36. देवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं.

झालं असं की आक्काच्या बाळ्याने संक्रांतीच्या निमित्ताने आईवडिलांची, म्हणजे आक्का-बापूंची, सगळी तपासणी करवून घेतली. दोघांचे रिपोर्ट एकत्र निघाले. बापूंचा एसजीपीटी 64, ठळक अक्षरात, बाजूला बाण. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2. घरात हलकल्लोळ. बापूंना लिव्हर आहे हे त्या घराला पहिल्यांदाच कळलं असावं. तळण बंद, त्यांच्यापुरती बिनतेलाची भाजी, सकाळी गुळवेलीचा काढा, भाच्याने आणून दिलेल्या ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या. हे सगळं करायला पहाटे उठतं कोण? आक्का. आक्काचा स्वतःचा रिपोर्ट मात्र "ग्रेड 1, बाकी नॉर्मल" म्हणून लाइट बिलाच्या पिशवीत गेला. त्यात लिव्हरच्या रकान्यात एकही अक्षर ठळक नव्हतं. नसणारच, मर्यादा मीच छापलेल्या ना.

सही करताना नेहमीसारखी पुढे गेलेच होते, पण 36 दिसला आणि तुझा चेहरा आठवला. मग कागद उलटा करून मागच्या बाजूला फिब-4 मांडला, लिव्हरमध्ये व्रण किती असावेत याचा अंदाज देणारा आकडा. तुला सूत्र झोपेतही येतं, पण आकडे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे लिव्हरचं दुसरं एन्झाइम. त्याला भागायचं हजारातल्या प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. बापू: वय 64, एसजीओटी 41, एसजीपीटी 64, प्लेटलेट 2 लाख 60 हजार. 2624 भागिले 2080, म्हणजे 1.26. 1.3 च्या खाली म्हणजे व्रणांचा धोका कमी, सुटले. आक्का: वय 60, एसजीओटी 38, एसजीपीटी 36, प्लेटलेट 1 लाख 60 हजार. 2280 भागिले 960. 2.38.

पुन्हा केलं. 2.38. 2.67 च्या वर, जिथे धोका मोठा धरतात, तिथे नाही हे खरं, पण 1.3 च्या जवळपासही नाही. चारही आकडे एकेकटे "नॉर्मल", आणि एकत्र मांडले की हे. बाणवाला माणूस सुटला आणि त्याचा काढा उकळणारी अडकली. तुझ्या झेरॉक्सच्या मापाने बघितलं तर बापू मर्यादेच्या दुपटीच्या जरासे वर, आक्का दुपटीच्या जराशी खाली. म्हणजे दोघंही जवळजवळ एकाच पायरीवर, पण ठळक छपाई एकालाच.

आधी मी मशीनवर संशय घेतला. प्लेटलेटचं तुला माहीतच आहे, रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेल्या नळीतही त्यांच्या गुठळ्या झाल्या की मशीन कमी मोजतं आणि फिब-4 फुगतो. म्हणून स्लाइड काढली. कडेला, शेपटाकडे, कुठेही गुंता नाही. शंभरच्या लेन्सखाली एका फील्डला 10 च्या आसपास. 15 हजारांनी गुणलं तर दीड लाख. मशीन खरं बोलत होतं. मग विचारलं, गेल्या महिन्याभरात ताप, डेंगी, कसली नवी गोळी? काही नाही. तुझ्या काळातले, म्हणजे चार वर्षांपूर्वीचे, तिचे जुने कागद मागवले. तेव्हा प्लेटलेट 2 लाख 10 हजार. हळूहळू उतरत आल्या आहेत, आणि 1 लाख 50 हजारांच्या खाली जात नाहीत तोवर कुणाचं लक्ष जाणार नाही.

सोनोग्राफीच्या ग्रेडवर तर माझा राग आहेच. ग्रेड चरबीचा, व्रणाचा नाही. आणि व्रण फार वाढले की चरबी उलट ओसरते, म्हणजे ग्रेड 2 वरून ग्रेड 1 वर आलेला माणूस पेढे वाटतो आणि आत लिव्हर दगड होत असतं. आक्काचं तसं झालंय असं मी म्हणत नाही हं. पण "ग्रेड 1 आहे, काळजी नको" हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

मग तिला बोलावून घेतलं. कंबर मोजायची म्हटल्यावर ती हसली, "मापं घ्यायला ब्लाउज शिवतेयस का?" तपासणीच्या कागदावर कंबर 84 लिहिली होती. ती कशी मोजली असेल ते मला लगेच कळलं: साडीवरून, परकराची नाडी जिथे आवळलेली तिथे. नाडीने पोटाला कमरपट्टा घातलेला, टेप त्याच खाचेत बसवायची, की पाच-सात सेंटिमीटर सहज गायब. पडद्याआड नाडी सैल करायला लावली, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरली, श्वास सोडायला सांगितला. 91. बायकांना आपल्याकडे 80 लाच धोक्याची रेघ आहे. बापू 98, त्यांची रेघ 90.

आता मेटाबॉलिक सिंड्रोमच्या, म्हणजे कंबर, रक्तातली चरबी, साखर आणि बीपी एकत्र बिघडण्याच्या, पाच खुणा मोज; तीन भरल्या की तो आहे. बापू: कंबर, ट्रायग्लिसराइड 210, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 38. तीन. साखर 97, बीपी 126/80, ते दोन ठीक. आक्का: कंबर 91, ट्रायग्लिसराइड 178, उपाशीपोटी साखर 112, गोळी घेऊनही बीपी 138/86, आणि एचडीएल 41. हे 41 बघ. रिपोर्टवर छापलंय "40 च्या वर उत्तम". उत्तम पुरुषांना! बायकांना 50 हवं. पाचपैकी पाच. मेटाबॉलिक सिंड्रोम दोघांना, एकाच चुलीवरचा, पण तिच्याकडे अख्खा संच आहे. आणि तिच्या पाचातलं एक आपण छापण्यात हरवलं, कंबरेचे सात सेंटिमीटर टेपमध्ये.

तुला एक गोष्ट आठवते का? 2003 चा कुंभमेळा सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा, आक्काची मेस महिनाभर बंद होती, आणि आपण दोघी सकाळ-संध्याकाळ मिसळ खाऊन पोट बिघडवून बसलो होतो. आक्का "पिशवी काढली" म्हणाली होती. आपण डबा घेऊन भेटायला गेलो, तू शिरा जाळलेला. तेव्हा आपल्यापैकी कुणी विचारलं नाही की नुसती पिशवी काढली की बीजकोशही काढले. परवा विचारलं. दोन्ही. वय वर्षं 37. बाकीच्या बायकांची पाळी पन्नाशीच्या आसपास जाते. हिची एका सकाळी गेली. म्हणजे इस्ट्रोजेनशिवाय तिची 23 वर्षं झाली आहेत, आणि आपण ती सगळी वर्षं तिला "आक्का, सुटलीस हं" म्हणून चिडवत होतो.

साठीच्या बाईचा रिपोर्ट वाचताना हा एक प्रश्न आपण विचारतच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. पाळी चालू असेपर्यंत बायका या रोगात पुरुषांच्या मागे असतात, हे खरंच. पाळी गेली की अंतर मिटतं. 2021 मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली ती तू वाचली असशीलच: बायकांना फॅटी लिव्हर होण्याचा धोका पुरुषांपेक्षा 19 टक्के कमी, पण ज्यांना झालंय त्यांच्यात व्रण पुढच्या टप्प्याला जाण्याचा धोका 37 टक्के जास्त, आणि पन्नाशीपुढच्या गटांत 56 टक्के. सगळेजण पहिला आकडा लक्षात ठेवतात. "बायकांना कमी होतं" एवढंच आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या डोक्यात असतं. साखर वाढली तर पाळीच्या वयातही इस्ट्रोजेनची ही ढाल गळते, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक.

आक्काला हे कसं सांगायचं यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी मार्केट यार्डाच्या भाषेत सांगितलं, बापूंची हयात तिथेच गेली ना. म्हटलं, तुझ्या अंगात इस्ट्रोजेन नावाचा एक हमाल होता. जास्तीचं धान्य आलं की तो मागच्या कोठीत, म्हणजे मांड्यांत आणि पाठीमागे, नेऊन रचायचा. त्या ऑपरेशनला हमाल गेला. आता पोती दारातच, पोटात, पडतात, आणि पोटातल्या चरबीचा रस्ता सरळ लिव्हरच्या अंगणात जातो. लिव्हर तो माल बांधून परत रक्तात पाठवतं, पण त्याला बारदान लागतं. ते बारदान कोलीन नावाच्या पोषकद्रव्यापासून बनतं, आणि घरच्या घरी ते विणायचं कामही त्याच हमालाच्या हुकमावर चालायचं. आता बारदान बाहेरून, जेवणातून आणावं लागतं. ते नसेल तर माल आतच कुजतो. आक्का म्हणाली, "म्हणजे मला बारदानाचा तुटवडा आहे तर." मने, आपल्या सरांनी चार तासांत नीट शिकवलं नव्हतं ते तिने एका वाक्यात उचललं.

कोलीन कशात? अंड्याच्या बलकात सगळ्यात जास्त, एका अंड्यात दीडशे मिलिग्रॅमच्या घरात, मग सोयाबीन. आक्का रोज बापूंना दोन अंडी उकडून देते आणि स्वतः शिवत नाही. आता बापूंचंही बलक "लिव्हरला वाईट" म्हणून टाकून देते! सोयाबीनवर तडजोड झाली. कणकेत पाच वाट्यांना एक वाटी सोयाबीनचं पीठ, आधी भाजून. कच्चं घातलं तर वास येतो आणि पचतही नाही.

खरं भांडण उपासांवरून झालं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपास करून वजन वाढवणारी नाशकातली एकमेव बाई नाही ती, पण अग्रगण्य आहे. साबुदाणा 100 ग्रॅम घेतला तर त्यात 88 ग्रॅम पीठूळ माल आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. वर बटाटा, वर साखर घातलेलं दही, वर चार वेळा चहा दोन-दोन चमचे साखरेचा. चमचा 5 ग्रॅमचा धरला तर नुसत्या चहातून 40 ग्रॅम. उपास सोड म्हटलं असतं तर तिने मला सोडलं असतं. म्हणून म्हटलं, उपास ठेव, ताट बदल: साबुदाण्याऐवजी वाटीभर भगर, त्यात मूठभर दाण्याचं कूट, ताक, राजगिऱ्याची भाजी. चहात साखर निम्मी, पंधरा दिवसांनी त्याच्या निम्मी. कॉफी चालते का म्हणाली. चालते, उलट दोन-तीन कप लिव्हरला बऱ्या, पण बिनसाखरेची. तिने तोंड असं केलं की मी विषय बदलला. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आहे. पंधरा-वीस मणी खा, रस काढून पिऊ नकोस, बेदाणे मूठमूठ नकोत. पिंपळगावचे व्याही पेटी पाठवतातच, त्याला माझा इलाज नाही.

वजन 71 किलो. सात टक्के म्हणजे 5 किलो, दहा टक्के म्हणजे 7. पाच किलोवर चरबी आणि सूज उतरायला लागते, सात किलोवर व्रणांना आशा. पण आठवड्याला अर्धा किलोच्या वर नको, आणि नुसतं चालून नको. या वयाच्या बाईचं चालून-उपाशी राहून आधी मांसच उतरतं, आणि दंड-मांडीतलं मांस हेच साखरेचं दुसरं कोठार. म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, दहाचे तीन फेरे, आणि लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या उचलणं. बाळ्या म्हणाला आईला इंजेक्शन देऊ, त्याच्या साहेबांचं वीस किलो उतरलं. त्याला म्हटलं, तो निर्णय मनूमावशीचा, तू आधी आईबरोबर संध्याकाळी नदीकाठाने चाल. सॅरोग्लिटाझार ही गोळी या रोगासाठी आपल्याकडे 2020 पासून मंजूर आहे, तेही तूच बघ. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीचं नाव कुणी काढलं तर तिच्या हाडांची आठवण कर. बीजकोश गेल्याला 23 वर्षं झालेली बाई, त्यात ती गोळी बायकांचीच हाडं जास्त मोडते.

आणि बापूंच्या ई जीवनसत्त्वाचं. भाच्याला वाटतं नैसर्गिक आहे, काय बिघडणार. ते 2010 मध्ये ज्यांच्यावर नीट तपासलं गेलं त्यांना मधुमेह नव्हता आणि बायोप्सीने रोग पक्का केलेला होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या मोठ्या चाचणीत रोज 400 युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त निघाला. बापूंना रात्री तीनदा उठावं लागतं, ते वेगळंच. गोळ्या बंद केल्या. काढाही बंद, करोनाच्या वेळी गुळवेलीने लिव्हर सुजलेल्या रुग्णांची मुंबईच्या डॉक्टरांनी नोंद केली होती, ते तूच मला पाठवलं होतंस. बापू मनातून खूश झाले. विचारत होते, शनिवारचं काय? साठचा एक पेग म्हणजे 20 ग्रॅम अल्कोहोल, त्यांचे दोन, आठवड्याला 40. लिव्हर दारूमुळे बिघडलं नाही असं म्हणायची आठवड्याची रेघ पुरुषांना 210 ग्रॅम, बायकांना 140. म्हटलं, हिशोबात बसतं, पण कंबर बसत नाही. चकणा बंद केला. शेजारीपाजारी अजून म्हणताहेत की बापूंचं पिणं बाधलं. आणि आक्का थेंब घेत नाही म्हणून तिच्या लिव्हरबद्दल कुणाला शंकाही नाही. बाळ्यासुद्धा म्हणाला, "आईला कसं होईल, ती तर पीत नाही." 2023 मध्ये रोगाचं नावच बदलून दारूऐवजी चयापचयाशी जोडलं, पण गल्लीत कोण सांगणार.

आता कामाचं. गुरुवारी सकाळी 11 ला तिची फायब्रोस्कॅनची, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची, वेळ घेतली आहे. आणि त्याच दिवशी माघी गणेश जयंती. "गणपतीच्या दिवशी दवाखान्यात?" म्हणून अडून बसली आहे. तपासणीआधी तीन तास पोट रिकामं हवं; तिला वाटतं उपास आहेच, मग प्रश्न काय. पण तिचा उपास म्हणजे 10 वाजता खिचडी, आणि खाऊन गेलं की लिव्हरचा रक्तपुरवठा वाढून आकडा खोटाच वर जातो. तू फोन करून सांग: सकाळी 7 नंतर पाण्याशिवाय काही नाही, पूजा आधी आटप, मोदक नंतर. उजवा हात डोक्यामागे घेऊन दहा मिनिटं पडायचं आहे, दुखत नाही. तिथल्या मुलीला मी सांगून ठेवलंय की नेहमीच्या प्रोबने कातडीपासून लिव्हर खोल लागलं तर मोठा प्रोब घे, दहा मापं पक्की झाल्याशिवाय सोडू नकोस, आणि मापांतला फरक मधल्या आकड्याच्या 30 टक्क्यांवर गेला तर मला तो कागद नको. 8 किलोपास्कलच्या खाली आलं तर मी तुला पेढे पाठवीन. 8 ते 12 मध्ये आलं तर पुढचं तूच ठरव. 12 च्या वर आलं तर तिला घेऊन पुण्याला जायचं, आणि त्या दिवशी तू नागपूरहून यायचंस, काहीही कारण चालणार नाही. बी आणि सी काविळीच्या तपासण्या, थायरॉइडची टीएसएच आणि ऑटोइम्यूनची एएनए मी उद्या त्याच रक्तावर लावते. सगळं चरबीवर ढकलून आपण बायकांतला ऑटोइम्यून हेपटायटिस, म्हणजे शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उठतं तो, चुकवलाय एकदा, ती बाई तुला आठवत असेल.

आणि हो, छपाई बदलली. कालपासून आमच्या लॅबच्या रिपोर्टवर एसजीपीटी पुरुषांना 33, बायकांना 25, एचडीएल 40 आणि 50. तू म्हणशील 19 का नाही. मने, भांडायला काहीतरी शिल्लक राहू दे. पहिल्याच दिवशी तीन डॉक्टरांचे फोन आले की तुमचं मशीन बिघडलंय का, सगळ्या बायका ठळक कशा?

तुझ्या नव्या घराची वास्तुशांत झाली ना? फोटोतला ओटा उंच वाटतो. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? लेकाला म्हणावं बारावी एकदाच असते. भाचीच्या पीसीओएसबद्दल लिहिलं होतंस, तिची कंबर आणि एसजीपीटी एकदा बघून घे, वय 24 असलं तरी; पुरुषी हार्मोन वाढलेलं असलं की ती ढाल तिथेही पातळ असते. फिब-4 मात्र तिला लावू नकोस, त्या वयात तो काहीही सांगतो. माझी पाठ आहे तशीच. थंडी मरणाची आहे. सिंहस्थाच्या नावाने रस्ते खोदून ठेवलेत, लॅबला पोचायला अर्धा तास जास्त लागतो.

आक्काला मी 2.38 सांगितलेला नाही. "थोडं बघून घेऊ" एवढंच म्हटलंय. माझं ती ऐकेल, पण मानणार तुझंच, त्या जळक्या शिऱ्यापासून. बुधवारी रात्री 9 नंतर फोन कर, मालिका संपलेली असते.

तुझी,
बबी

ता. क. आक्काने तिळगूळ दिलाय तुझ्यासाठी. कुरियरने पाठवते आहे. साखर किती आहे ते विचारू नकोस.